त्या बाईच्या बोलण्याचं मी भाषांतर केलंच नव्हतं

अंगारे, उतारे, अंगात येणं… हे शब्दसुद्धा आमच्या घरात चालत नसत. वडील पालघरला शाळामास्तर. कोणी चमत्काराची गोष्ट सांगायला लागलं की त्यांचा पहिला प्रश्न असे – "तू स्वतः पाहिलंस का?" मीही तशीच झाले. म्हणून आज जे लिहितेय ते ऐकीव नाही, एवढं आधीच सांगते. मी स्वतः पाहिलं, आणि माझ्या कानांनी ऐकलं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम ऐन भरात होतं. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरायची – बिहारी, पंजाबी, मद्रासी… आणि गोरे इंजिनिअर. त्यातल्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या बायकोला दुभाषी हवी होती. नोकर, भाजीवाल्या, कोळणी यांच्याशी बोलायला. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी बरं. तारापूरला मावशीकडे राहायचं आणि दिवसभर त्यांच्या बंगल्यावर. वडिलांनी परवानगी दिली.

त्यांचं नाव रूथ. आम्ही सगळे रूथबाई म्हणायचो. पस्तिशीच्या असतील. उंच, शांत… जरा जास्तच शांत. वसाहतीतल्या बाकीच्या गोऱ्या बायका रविवारी एकत्र जमून प्रार्थना करायच्या, या जायच्या नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायच्या. एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही नाही जात?" तर म्हणाल्या, "मी पूर्वी जात असे." बस्स. पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही.

वैशाखातली दुपार होती. जेवणं झालेली. साहेब साइटवर. शेजारच्या घिवलीच्या कोळीवाड्याकडून वाळत्या बोंबलांचा वास वाऱ्याबरोबर येत होता आणि मी व्हरांड्यात रूथबाईंना मराठी आकडे शिकवत होते.

तेवढ्यात पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. साठीची असावी. अंगाने काटक, काष्ट्याचं विटकं हिरवं लुगडं, दंडावर गोंदण. मासळी घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी तशा दिसत. हातात पाटी नव्हती एवढंच. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ रूथबाईंना म्हणाली,

"चल बाय. पोर अडलीय. तुज्या हातानं सुटंल ती."

रूथबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मान हलवायला लागल्या. "नाही… मी नाही. पुन्हा नाही!" हे त्या इंग्रजीत म्हणाल्या.

ती बाई एक पायरी चढली. आवाज अगदी मऊ. "त्या येळचं ऱ्हाऊ दे. आता चल."

कुठल्या वेळचं? मला काही कळेना. मी काही बोलणार, तोवर रूथबाई उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि त्या एक चामड्याची जुनी बॅग घेऊन बाहेर आल्या. ती बॅग मी त्या घरात कधीच पाहिली नव्हती.

वसाहतीच्या फाटकावरच्या वॉचमनने फाटक उघडलं आणि आम्ही निघालो. ती बाई पुढे, मागे रूथबाई, त्यांच्या मागे मी. उन्हाने वाळू चटके देत होती. माडांतून, जाळी पसरलेल्या अंगणांमधून ती इतकी भराभर चालत होती की मला धाप लागली. एका कुडाच्या घरापुढे ती थांबली, हाताने दार दाखवलं. आतून बाईमाणसाचं कण्हणं ऐकू येत होतं. मी वाकून चपला काढल्या आणि आत शिरले.

खाटेवर पार्वती नावाची पहिलटकरीण पोर होती. नवरा होडीवर समुद्रात गेलेला. सासू डोक्याला हात लावून बसली होती आणि गावची म्हातारी सुईण, काशीआजी, घामाने निथळत होती. गोऱ्या बाईला दारात बघून तिथल्या सगळ्याजणी दचकल्याच.

"काय झालंय?" मी विचारलं.

"पायाळू हाय गो," काशीआजी म्हणाली. "पाय आलं, कंबर आली… हात वर अडकलाय. पालघरला न्यायाला बैलगाडी बगतात, पन तवर काय ऱ्हानार?"

मी रूथबाईंना सांगितलं. पायाळू म्हटल्यावर त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. ओठ हलत होते. मग त्यांनी बाह्या वर केल्या, गरम पाणी मागितलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. आजीकडे बघून मला म्हणाल्या, "यांना विचार, मला हात लावू देतील का? आणि म्हणावं, तुम्ही माझ्याजवळच थांबा."

आजीने एका क्षणात जागा करून दिली. "लाव गं माजे आये. मी पोट धरते."

पुढचं मी तोंडाने सांगत होते, डोळे मात्र अर्धे मिटलेले. "जोर नको… आता थांब… आता दे जोर!" इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. रूथबाईंनी बाळाचं अंग हलकेच वळवलं, अडकलेला हात सोडवला. मग दुसरा. मग डोकं. मुलगी होती. पण निळी, लुळी… आवाज नाही. सासूने हंबरडा फोडला. रूथबाईंनी बाळाचं तोंड साफ केलं, आपलं तोंड तिच्या नाकातोंडावर ठेवलं आणि हळू, अगदी फुलावर फुंकर घालावी तशी हवा सोडली. परत. परत…

आणि ती रडली! अशी कडाडून रडली की अंगणातल्या बाया आत धावल्या. काशीआजी रूथबाईंच्या गळ्यातच पडली. सासूने गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला. कोणी अबोलीची वेणी त्यांच्या सोनेरी केसांत माळली. खाटेवरची पार्वती रडत होती, हसत होती… आणि रूथबाई? माझ्या देखत पहिल्यांदाच त्या मोठ्याने हसल्या.

थोडं शांत झाल्यावर सासू म्हणाली, "पन बाय, तुमाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ना बाई पाठवलीत? हिरव्या लुगड्याची?" मी विचारलं.

"आमी कोनाला नाय धाडलं. ही गोरी बाय सुईण हाय, हे आमाला काय ठावं?"

खरंच की. ते तर मलाही ठाऊक नव्हतं! अंगणात पाहिलं, ती बाई नव्हती. गोंदण, लुगडं, वय सगळं सांगून झालं. कोणालाच ओळख पटेना.

परतताना रूथबाई आपणहून बोलल्या. लग्नाआधी त्या तिकडे प्रसूतीच्या नर्स होत्या. एक असंच पायाळू बाळ त्यांच्या हातातच दगावलं. तुझी चूक नव्हती, असं सगळे म्हणाले. पण त्यांनी काम सोडलं, प्रार्थनाही सोडली. "मला वाटलं होतं, देव मी तिकडेच मागे टाकून आले," त्या म्हणाल्या. "तो इथे माझ्या आधीच येऊन बसला होता."

मी म्हटलं, "मॅडम, पण तुम्हाला आमची बोली इतकी कधीपासून कळायला लागली? ती बाई बोलली आणि तुम्ही लगेच उठलात. मी भाषांतर केलंच नाही."

त्या रस्त्यातच थांबल्या. "भाषांतर कशाला? ती इंग्रजीत बोलली. आमच्या डोंगरातलं इंग्रजी… माझी आजी बोलायची तसं. मला वाटलं, मिशनरींकडे शिकली असेल."

"छे! ती मराठीत बोलली. 'पोर अडलीय' म्हणाली."

तिचं बोलणं आणखी कोणी ऐकलं असेल तर ते वॉचमनने. मग जवळजवळ धावत फाटकावर आलो. वॉचमन बिहारकडचा होता. मी विचारलं, "भैया, हमारे साथ एक औरत गयी थी?"

"हाँ बहनजी, माई गयी थीं ना." त्याचा चेहरा खुलला. "हमारे ही जिले की होंगी. हमसे बोलीं, 'बबुआ, तनी फाटक खोल द.' बरसों बाद अपनी बोली सुनी… मन भर आया."

रूथबाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं, तर त्या तिथेच, फाटकाजवळ, भर उन्हात गुडघे टेकून बसल्या.

वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी चांगली उलटतपासणी घेतली, बोईसरला उतरून तारापूरला आले, वॉचमनला भेटले, घिवलीत पार्वतीच्या बाळालाही बघून आले. शेवटी म्हणाले, "तू स्वतः पाहिलंस. माझ्याकडे उत्तर नाही." तसं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मी खूप वाचलं, डॉक्टरांना विचारलं, देवभोळ्यांना विचारलं. तीन माणसांनी एकाच बाईचं बोलणं आपापल्या मुलखाच्या बोलीत कसं ऐकलं, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही.

रूथबाई परत जाईपर्यंत ती बॅग पुन्हा कपाटात गेली नाही. काशीआजी आणि त्या, दोघी मिळून घरोघर जायच्या. वाटेत एक देवीचं नाव घ्यायची, दुसरी येशूचं, आणि दोघींनाही पक्की खात्री होती की आपण एकाशीच बोलतोय. मी त्यांच्या मागून चालायचे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.