जादूच्या पाटीवरचा बुद्ध
खेळण्यांच्या दुकानात नव्या प्लास्टिकचा वास आला की मला नव्वदच्या दशकातले ते दिवस आठवतात. मी नगरजवळच्या केडगावहून आठवड्यातून दोनदा पुण्याला चिनी शिकायला जायचे. सरावाला वेळ मिळायचा तो एसटीतच, पण गचक्यांनी वहीत नुसते फराटे उठायचे. वर्ग सोडते म्हणाले, तर वडील म्हणाले, "बुद्धाची जुनी पुस्तकं चिनीत जपलीत म्हनं. ती मला कोन वाचून दावील?" बसमध्ये पुन्हा पुन्हा लिहून पुसता येईल असं काही घ्यायला ते मला नगरच्या दुकानात घेऊन गेले. डिजिटल डायरीत फक्त इंग्रजी अक्षरं होती आणि दगडी पाटी फुटायची भीती. शेवटी त्यांनी लहान मुलांची जादूची पाटी निवडली. वरचा पातळ कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जायचं. परतताना बसमध्ये तिच्यावर एक चिनी अक्षर काढलं; दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. "हे अक्षर म्हणजे बुद्ध," मी म्हणाले आणि पुसायला कागद धरला. वडिलांनी पाटी अलगद काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. तुझ्या आईला दावू." घर येईपर्यंत ती त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी सपाट धरून ठेवली. मी वर्ग सोडला नाही. आज चिनी शिकवते, पण माझं अक्षर कुणी इतकं जपलेलं पुन्हा पाहिलं नाही.