माहितीदार क्रमांक सात

माझ्या मावसबहिणीच्या ईमेलमध्ये शिरण्यापेक्षा डोळे बांधून तिकोना किल्ला चढणं सोपं आहे. वराळ्याला राहणारी, इतिहासात पीएचडी करणारी ही ताई जगात फक्त स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवते, आणि तिथेही अधूनमधून फसते. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, तोही जुन्या मोडी कागदातलं एखादं आख्खं वाक्य. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आईच्या पाकिटातली टिकली. बँकेच्या प्रश्नांना ती मुद्दाम खोटी उत्तरं देऊन ठेवते, त्यामुळे एकदा ‘आईचं माहेर कोणतं’ या प्रश्नात तीनदा नापास झाली, आणि आई शेजारी बसून ‘अगं टाकवे, टाकवे’ म्हणत राहिली. मी नव्या नंबरवरून फोन केला की आधी परीक्षा: “आजोळी तू कोणाच्या शेणखड्ड्यात पडला होतास?” उत्तर बरोबर आल्याशिवाय ती मला भाऊ मानत नाही. लोणावळ्यात चिक्कीवाल्याने बिलासाठी मोबाइल नंबर मागितला, तर म्हणाली, “मला चिक्की हवीय, ओळख वाढवायची नाही.”

अशा बाईला सरकारी दप्तरखान्यात संशोधन करावं लागावं, हा दैवाचा नव्हे, व्यवस्थेचा विनोद. तिचा विषय होता धरणात गेलेल्या गावांतल्या भूमिहीन बायका. जमिनीच्या मालकांच्या याद्या झाल्या; त्या जमिनीत भात लावणारीची यादी करावी असं कुणाला वाटलं नाही. ते कागदातून सिद्ध करायचं, तर कागद बघायला हवेत, आणि कागद बघायला अर्ज, शिफारसपत्र, आधारची झेरॉक्स. ताईने झेरॉक्सवर आडवं-तिडवं ‘फक्त याच कामासाठी’ लिहिलं. कारकून म्हणाला, “मॅडम, ह्यात तुम्ही कुठं दिसताय?” मग ओटीपी. तळघरात रेंज नाही, म्हणून ओटीपीसाठी फाटकाबाहेर जायचं, आणि परत आत यायला पहारेकऱ्याकडे नव्याने नोंद करायची. एवढं होऊन उत्तर यायचं, ‘कागदांचा बस्ता सापडत नाही.’ त्याच कार्यालयाच्या संगणकाचा पासवर्ड मात्र पडद्यावरच चिठ्ठी चिकटवून लिहिलेला. ते पाहून ताई दोन दिवस नीट जेवली नाही. घरी मावशी लग्नाच्या काळजीने विचारायची, “बस्ता कधी बांधायचा गं?” आणि ताई ताटावरून मान वर न करता म्हणायची, “बांधलेलाच आहे, पण उंदरांनी नेलाय म्हणतात.”

कागद हरले, तेव्हा ती माणसांकडे वळली. पहिल्याच वर्षी तिने एका बाईंचं बोलणं नावासकट कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते त्या बाईंच्या सुनेच्या फोनवर पोचलं, आणि ताईला ते दार कायमचं बंद झालं. टिकल्या, पासवर्ड, खोटी माहेरं, सगळं त्यानंतरचं. तेव्हापासून तिच्या लिखाणात बाई राहिली नाही, आकडा आला. माहितीदार क्रमांक एक, दोन, तीन. आम्ही हसायचो. माझं लहानपण चळवळीची पत्रकं वाटण्यात गेलं, आणि खाली नाव नसलेलं पत्रक आमच्याकडे भेकडाचं समजत. मी तसं म्हटलं, तर ताई म्हणाली, “तुझ्या पत्रकाने तुला मार बसेल. माझ्या प्रबंधाने दुसरीला बसेल.”

शेवटच्या महिन्यात गाईडने तो प्रबंध परत केला. “माहितीदार सात म्हणजे कोण? उद्या तू घरी बसून दहा बायका रचशील. नावं दे, नाहीतर पुरावा धरणार नाही.” पाच वर्षं रांगेत उभं करून ज्यांनी तिला एक कागद दाखवला नाही, त्यांच्याच जगाने तिला पुरावा मागावा! तरी ताई अडून बसली. शब्द दिलाय म्हणाली. शेवटी, माहितीदार सात म्हणजे ज्या आजी, त्यांनीच एकदा तोंडाने नाही म्हणावं आणि विषय संपावा, म्हणून मी तिला स्कूटरवरून तिकोना पेठेला नेलं.

आजी सुपात तांदूळ पाखडत होत्या.

“आजी, नाव छापू का विचारायला आले. नको म्हणालात तरी चालेल. सध्या तुम्हाला सात नंबर दिलाय.”

“मला?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून.”

आजींनी सूप खाली ठेवलं. “राशनला नंबर, दवाखान्यात नंबर. धरणाच्या यादीत मालकाचं नाव, आमचं न्हाई. तुज्या वहीत तरी ऱ्हाईल म्हनून येवढं बोलले. तू बी पुसलंस व्हय गं?”

प्रत्येक यंत्राला उत्तर तयार ठेवणाऱ्या ताईने वही उघडली. आजींनी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, मग “माहेरचं बी लिव” म्हणून पाण्याखाली गेलेलं गाव सांगितलं. आजींचं नाव ताईच्या लिखाणात आधी छापलं जावं, म्हणून मी इथे लिहीत नाही.

शेजारीण दारात उभी होती. “माज्या सासूचं बी लिव.”

“त्या तर वारल्या ना?”

“म्हनून तर लिव म्हनते.”

विद्यापीठाची मुदत त्याच आठवड्यात संपली. वाढवून मिळाली नाही, प्रबंध तसाच राहिला. ताई अजून धरणाच्या काठाने दारोदार फिरते. काहीजणी नाव देतात, काहीजणी फक्त चहा. गेलेल्या बायकांची यादी हयात बायकांपेक्षा लांब झाली आहे. त्यातल्या एकीचं नाव कुणालाच आठवत नाही, सगळे तिला नुसतं थोरली म्हणायचे. “जन्मभर लोकांची भातं लावली, आणि नाव नाही?” ताईने मला विचारलं. तिने वहीत ‘थोरली’ लिहिलं आणि पुढे दोन बोटं जागा मोकळी सोडली.