माझं हिमोग्लोबिन आणि आमची वाडी

पोट दिसायला लागलं की बाईचं ताट सार्वजनिक होतं. निदान मालवणजवळच्या आमच्या वाडीत तरी होतंच. मी काय खाल्लं, किती खाल्लं आणि मुख्य म्हणजे काय खाल्लं नाही, हे वाडीला माझ्याआधी माहीत! सुरुवातीला मी चिडले, मग भांडले, मग मैत्रिणींना फोन करून सांगायला लागले. आता इतकं साठलंय की बाळाच्या दुपट्यांआधी किश्शांनाच गाठोडं लागेल.

मूळ भानगड अशी. माझं माहेर वैभववाडीकडचं, देवळाशेजारचं मास्तरांचं घर. आमच्याकडे मासे शिजत नाहीत. सासर समुद्राकाठचं. लग्नाला तीन वर्षं झाली, तोवर 'ती खायना, तिचा ती बघीत' एवढ्यावर भागलं होतं. मग दिवाळीत, चौथ्या महिन्यात, रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठ पॉइंट नऊ!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाकाहारी राहूनही वाढतं. पण नीट खावं लागेल आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. आठव्या महिन्यापर्यंत अकरा हवं. नाही झालं तर बाळंतपण इथे करणार नाही, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवीन."

मला आतून धडकी भरली होती. पण घरी सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, रिपोर्ट ऐकला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "अकरा झाला नाय, तर माझ्या हातचा बांगड्याचा तिखला गप खाशीत!"

"आणि झालं तर?"

"तर मी तुझ्याम्होरं माशाचा नाव काढूचंय नाय."

मी हात पुढे केला. पैज लागली. सासरे साक्षीदार. त्यांनी साक्षीची फी म्हणून लगेच एक चहा मागून घेतला.

*

आमच्या वाडीत मासे न खाण्याचं एकच कारण असतं, ते म्हणजे वार. सोमवार, संकष्टी, नाहीतर श्रावण. एरवी जो मासे खात नाही, त्याला ताप आलेला असतो.

शेजारच्या काकी रोज दुपारी माझ्या ताटात डोकावायच्या. "आज कसलो उपास गो, मेघा?"

"उपास नाही काकी. मी शाकाहारी आहे."

"व्हय, पण कितके दिस?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून वाटीभर साबुदाण्याची खिचडी आली. तिसऱ्या दिवशी वऱ्याचे तांदूळ. चौथ्या दिवशी उकडलेली रताळी. आठवड्याभरात ही बातमी समुद्राच्या कडेकडेने देवगडला पोचली आणि नवऱ्याच्या आतेचा फोन आला, थेट आईंना.

"पोटुशी बाय ती! तिका नऊ म्हयने उपास करूक लावतास? लाज नाय वाटत?"

आईंनी फोन माझ्या हातात कोंबला. "घे! आतेक सांग, तुझो खंयचो देव असो पावता तो!"

*

एकदा जेवायला लाल माठाची भाजी होती. मी खूश! पहिला घास घेतला आणि थांबले.

"आई, यात काय घातलंय?"

"काय नाय. कांदो, खोबरा."

"आणि?"

"आणि जरा सुकट."

"आई! सुकट म्हणजे वाळवलेली कोळंबीच ना!"

"ती ओली आसताना कोळंबी. सुकली काय मसालो!"

मी ताट बाजूला सारलं. प्राणी वाळला म्हणून वनस्पती होत नाही, यावर पाच मिनिटं भाषण दिलं. शेवटी म्हटलं, "मग उद्या मी सुकले, तर माझं काय होईल?"

"तुझा? भांडणा कमी होतीत!"

नवरा ठसका लागेपर्यंत हसला. त्या रात्री त्याच्याशी मी बोलले नाही.

*

सासरे, म्हणजे बाबा, तसे गरीब माणूस. रोज दुपारी जेवण झालं की माझी लोहाची गोळी आठवणीने आणून द्यायचे. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात वाफाळता चहा.

गावच्या आशा सेविका सुनीताताई एकदा नेमक्या त्याच वेळी आल्या आणि किंचाळल्याच. "अहो, चहाबरोबर नको! चहा लोह अंगी लागूच देत नाही. जेवणाआधी-नंतर तासभर चहा बंद. गोळी लिंबूपाण्याबरोबर. आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी!"

बाबा दुखावले. "पासष्ट वर्सा पितंय. चायन माझा काय वाकडा केल्यान?"

"बाबा, तुम्ही गरोदर नाही!" मी म्हटलं.

हे मात्र त्यांना पटलं. इतकं पटलं की पुढच्या आठवड्यात विजेचा मीटर बघायला आलेला माणूस चहाच्या आशेने ओट्यावर टेकला, तर बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"जेवलात कितक्याक?"

"साडेबाराला."

"मगे अजून वीस मिन्टा बसा. रगात आदी, चाय मगे!"

*

आतेचा दुसरा फोन. "रोज शहाळ्याचा पाणी पी. पोर गोरा होता."

"आते, देवगडला एवढे माड आहेत. मग तुमच्याकडे सगळे गोरे का नाहीत?"

"उन्हान गो!"

*

शेवंतीमावशी आमच्या वाडीत दारोदार मासे विकते. तिचा माझ्यावर जुना राग. आमच्या घरचं एक गिऱ्हाईक कायमचं कमी, ते माझ्यामुळे. पण पाचव्या महिन्यात तिने मला अंगणात गाठून वेगळंच प्रकरण काढलं.

"मेघा, तू खाय नाय, ता माका म्हायत आसा. तुझो हिशेब मी कधी धरूकच नाय. पण दिवाळीपासून तुमच्या घरातसून अजून एका माणसाचो मासो कमी झालो. तो कोणाचो?"

माझी मान ताठ झाली. गेला महिनाभर मी नवऱ्याला रोज भाज्यांवर लेक्चर देत होते. "माझ्या लेक्चरचा परिणाम आहे, मावशी!"

मावशीने टोपली डोक्यावर चढवली. "आसात बाय. पण ह्यो परिणाम जरा दुसऱ्या वाडीत कर!"

*

हा किस्सा मी फारशा लोकांना सांगत नाही.

सहाव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. नऊ पॉइंट एक. दोन महिने वाडीभर भांडून मी जेमतेम दोन दशांश कमावले होते! सुनीताताईंनी मला तीन दिवस जे जे खाईन ते वहीत लिहायला लावलं. मग वही मोठ्याने वाचली. वडापाव. बिस्किटं. बटाट्याची भाजी आणि चपाती. फरसाण. डाळीचं वरचं पाणी आणि भात. पुन्हा बिस्किटं.

त्यांनी वही मिटली. "एकही मासा नाही, अगदी खरं. पण मेघा, यात जेवण कुठाय?"

मी तिरमिरत घरी आले. तर मागच्या पडवीत आई पाठमोऱ्या बसून एकट्याच जेवत होत्या. मला वास सहन होत नाही म्हणून मासे तिकडच्या चुलीवर शिजायचे. कित्येक दिवस त्या आमच्याबरोबर जेवायलाच बसत नव्हत्या. माझा सगळा राग तिथे निघाला.

"आई, चोरून मासे कशाला खाता? माझ्यासमोर खा ना! मी काही म्हणाले का?"

त्यांनी चटकन ताटावर हात आडवा धरला. "खातंय! तुझा काय गेला?"

मग त्यांना माझ्या हातातला कागद दिसला. आकडा विचारला. मी सांगितला आणि सांगता सांगता रडायलाच लागले. मोठ्या दवाखान्याची भीती नव्हती असं नाही. पण आपलं बाळ आपल्या हट्टापायी अर्धपोटी आहे की काय, ही भीती त्याहून मोठी होती.

आई तशाच उठल्या. पैजेबद्दल एक अक्षर नाही. म्हणाल्या, "श्रावणात आमी काय उपाशी मरतो?"

दुसऱ्या दिवसापासून घरात रोजच श्रावण! सकाळी नाचणीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुपारी कधी कुळथाची पिठी, कधी मोड आलेल्या मुगांचं सांबारं, जोडीला शेवग्याचा पाला नाहीतर लाल माठ, वर लिंबू पिळून. संध्याकाळी आवळा नाहीतर पेरू. रात्री काळ्या वाटाण्याची उसळ आणि वाटीभर दही. बी-ट्वेल्व्हची गोळी डॉक्टरीणबाईंनी वेगळी दिली होती, तीही आईच मोजून देत. मासे नसलेला स्वयंपाक या बाईला माझ्या दसपट चांगला येत होता!

मी पाचव्या दिवशी बोटं चाटत विचारलं, "आई, हे सगळं आधीच का नाही केलंत?"

"तू विचारलंस कधी? तू निस्ता शिकवतंस!"

*

आठव्या महिन्यातला रिपोर्ट. अकरा पॉइंट तीन!

मी पैज जिंकल्याचा फोन माहेरी करेपर्यंत बाबांनी नारळ सोलला होता. ते गावचे मानकरी. आमच्याकडे काहीही बरंवाईट झालं की देवळात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. बाबा एकेक वाक्य देवाला ऐकवणार आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काकी, सुनीताताई, आम्ही घरचे, सगळे हात जोडून उभे राहिलो. बाजाराच्या वाटेवरची शेवंतीमावशीसुद्धा पायरीखाली टोपली ठेवून थांबली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराचा रगात आठ पॉइंट नऊ होता, ता तू आज अकरा पॉइंट तीन केलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला राहवेना. मी नवऱ्याच्या कानात पुटपुटले, "देवाने केलं? मग कुळीथ आणि गोळ्या काय फुकट गेल्या?"

बाबांचे कान तिखट. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "कुळीथ, नाचणी, आवळे आणि सरकारी गोळ्ये, ह्येंका पण यश दिलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सर्वांत मोठा आवाज सुनीताताईंचा.

"बाळातपण हयच, आपल्या दवाखान्यात, सुखरूप होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं, संपलं. मी वाकून पाया पडणार, तेवढ्यात बाबांनी आवाज चढवला.

"आणि पैलो रिपोट इलो, त्याच सांजेक हिची सासू ह्या पायरेर येवन तुका सांगान गेली, सुनेचा अकरा होयपर्यंत मी तोंडात मासो घालूचंय नाय. चार म्हयने तिना मागच्या पडवीत बसान पेज आणि लोणचा खाल्ल्यान, पण शबूद मोडूक नाय. आज तिका मोकळी कर म्हाराजा!"

मी आईंकडे बघितलं. त्या नारळाकडे बघत होत्या.

आणि पायरीखालून, टोपलीवरचं फडकं बाजूला करत, शेवंतीमावशी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"व्हय म्हाराजाऽऽ!"