अक्काची करंगळी

विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा राहत नाहीत, हे आमच्या कुंभारी गावात शेंबडं पोरही सांगेल. पान भिजवायचं, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची आणि अंगठ्यांनी दाबून वळायचं. हे दिवसभर. मी जन्मभर तेच केलं, आणि माझ्या शेजारच्या अक्कानं माझ्याहून जास्त. तिचे अंगठे आता नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झालेत. मग रेशनच्या दुकानात अंगठा ओळखायचं मशीन बसवणाऱ्याला हे कुणी कसं सांगितलं नाही? सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलंच नाही. माझा राग तिथून सुरू होतो.

मशीन नवं होतं तेव्हा आमच्या निम्म्या बाया रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायच्या. कुणी बोटांना खोबरेल लावलं, कुणी लिंबू चोळलं. अक्काला कुणीतरी सांगितलं की हाताला विश्रांती दिली तर रेषा परत उगवतात. ती बिचारी पंधरा दिवस विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून बसली. रेषा काय उगवतात? उलट कारखान्यात मुकादम विचारायला लागला, ही बाई काम सोडून गेली का म्हणून.

शेवटी वाट तिनंच शोधली. वळताना डाव्या हाताची करंगळी पानाला लागतच नाही, ती कायम बाहेर असते. आधार काढताना दहाही बोटं घेतली होतीच. लावली करंगळी, आणि मशीन बोललं की. तेव्हापासून आमची सगळी रांग करंगळी पुढं करून उभी. दुकानदार चेष्टा करायचा, "आल्या का करंगळीवाल्या." आम्ही हसायचो. पण बघा, ही सोय सरकारनं केली नाही, आमच्या अक्कानं केली.

गेल्या साली भाकरी भाजताना तीच करंगळी तव्याला लागली आणि वरचं कातडं निघून गेलं. नेमकं त्याच महिन्यात केवायसी करा, नाहीतर नाव कटेल म्हणून फर्मान आलं. अक्का एकटी राहते, लेक अक्कलकोटला दिलेली. कार्डावर एकटीचंच नाव. ते कटलं की धान्य बंद. मी तिला घेऊन दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "आता चेहऱ्यावर पण होतंय. अक्का, मोबाइलकडं बघा आणि डोळे मिटा."

"एकच मिटतो की रे बाबा," अक्का म्हणाली. मागे तिच्या तोंडावरून वारं गेलं होतं, तेव्हापासून डावा डोळा उघडाच राहतो.

"दोन्ही मिटाय पायजेत. न्हायतर मशीनला वाटतंय, कुणी फोटू धरलाय."

मी म्हणाले, "तू इतकी वर्षं हिला बघतुयास. तुला ही फोटू वाटती का?"

"मला वाटून काय हुतंय मावशी? मशीनला वाटाय पायजे."

अक्का म्हणाली, "मग मी मेले असं तरी लिहून दे. लेकीला कळवायला बरं."

रांगेतल्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. त्याच टेबलावर वजनकाटा होता. दरसाल माणूस येऊन तो तपासतो, शिक्का मारतो. काट्यात खोट निघाली तर दुकानदार सापडतो. मशीनमध्ये खोट निघाली तर सापडते अक्का. कांदा मोजायच्या काट्याला कायदा आहे, आणि माणूस आहे की नाही हे ठरवणाऱ्या मशीनला कुणी विचारत नाही, बाबा तू कुणाकुणाच्या बोटांवर तपासून आलास?

मी शाळेत गेले नाही. विडीच्या बंडलांवर लेबलं चिकटवता चिकटवता अक्षरं शिकले. तरी एवढं मला कळतं, की मशीन आणायच्या आधी, ते चाललं नाही तर काय करायचं हे कागदावर लिहून ठेवलं पाहिजे. आणि आधी धान्य द्यावं, शंका मग काढाव्यात. पोट मशीन दुरुस्त व्हायची वाट बघत नाही.

आम्ही शहरातल्या रेशनच्या कचेरीत गेलो. तिथले बाबू माणूस म्हणून चांगले. म्हणाले, "नियमात सोय आहे हो मावशी. अशा माणसांसाठी अर्ज ऑनलाइन करायचा."

"त्याला काय लागतं?"

त्यांनी अक्काच्या हाताकडं बघितलं. "अंगठा."

मी बाकावर बसले, कागद मागून घेतला आणि जमेल तसा अर्ज लिहिला. बोटं कशानं झिजली, डोळा का मिटत नाही, सगळं लिहिलं. वाचून बाबू म्हणाले, "खाली यांची सही?"

"तिला येत न्हाय."

त्यांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. अक्कानं अंगठा टेकवला. कागदावर नुसता निळा डाग उमटला, रेष म्हणून एक नाही.

"चालतंय का ह्ये?" मी विचारलं.

"चालतंय की. साक्षीदार कोण?"

"मी."

मी खाली सही केली आणि त्यांनी शिक्का मारला. म्हणजे शंभर वर्षांमागच्या कायद्याला ठाऊक होतं की डाग उमटला तरी शेजारीण ओळखते. नव्या कायद्यात शेजारणीला जागाच ठेवली नाही. हा शहाणपणा कुठं हरवला, हे मला कुणीतरी सांगावं.

शिक्क्याची प्रत बघून दुकानदारानं त्या महिन्याचं धान्य वहीत लिहून दिलं. पुढच्या महिन्याचं विचारलं तर म्हणाला, वरून काय येतंय बघू. आता रेषा परत याव्यात म्हणून अक्का भाकरी भाजताना करंगळीला चिंधी गुंडाळते. चूक मशीनची, आणि बोट जपायचं तिनं. ती चिंधी दिसली की माझं डोकं फिरतं. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. दुसरा अर्ज मी लिहून ठेवलाय, साक्षीदाराच्या जागी सही करूनच.