लेसरला सोसेल एवढाच करंट

घरात एखादा छांदिष्ट माणूस असला की किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात! पुसले तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. भजनाला गेले की तबला लागेपर्यंत बायका मला हळूच विचारणार, "काय गं, लेसर जिवंत आहे का?" मग भजन राहतं बाजूला.

तर नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो. हे हजीऱ्याच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या खात्यात, शिफ्ट ड्युटी. कधी पहाट, कधी रात्र. जेवणाला वेळ नाही, झोपेला वेळ नाही. एकदा कतारगामच्या हसमुखभाईंची ओळख झाली. त्यांचा हिरे कापायचा कारखाना. हिऱ्यावर कापायची रेघ सरळ आहे का, हे बघायला त्यांना बारीक उजेडाचा दिवा हवा होता. हे म्हणाले, "लेसरचा करून देतो."

हसमुखभाई म्हणाले, "पाटीलभाई, दिवा आठवडाभर मेला नाही, तर माझ्या सगळ्या टेबलांवर तुमचाच!"

म्हणजे शिफ्ट सुटणार! घरीच काम! मी त्याच दिवशी देवापुढे तूप घालून समई लावली.

अडचण एकच. मुंबईच्या बाजारातून सुट्टे लेसर डायोड यायचे, मसुराच्या दाण्याएवढे. सोबत माहितीचा कागद नाही, काही नाही. करंट कमी दिला तर नुसता मिणमिणतो, जास्त दिला तर मरतो. मधला आकडा आपण शोधायचा. त्या एका आकड्यापायी आमच्या घरात काय काय झालं!

* * *

पहिला डायोड ह्यांनी रविवारी लावला. माझे धाकटे दीर प्रकाशभाऊजी मीटर वाचत होते, सासूबाई पाटावर बसून बघत होत्या. हे बटण हळूहळू फिरवत गेले. आधी फिकट लाल, मग एकदम लख्ख! भिंतीवर कुंकवासारखा ठसठशीत ठिपका!

"बास!" मी म्हटलं.

"अजून थोडा," हे म्हणाले. झालं. ठिपका पुन्हा फिकट.

सासूबाई खानदेशातल्या, घरात अहिराणीच बोलायच्या. त्यांनी विचारलं, "हाऊ जित्ता शे का मरी गया?"

"मेला, आई."

"मंग उजेड कसाना?"

"तो नुसता दिसतोय गं. आतून मेलाय. काही कामाचा राहिला नाही."

सासूबाईंनी सकाळी नऊला उठलेल्या प्रकाशभाऊजींकडे बघितलं. "म्हंजे आमना प्रकाशसारखा!"

* * *

ह्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "लेसरच्या डोळ्याला डोळा लावायचा नाही, दृष्टी जाईल." सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं. ज्याच्याकडे बघायचं नाही ते ग्रहण! मग ग्रहणाचे सगळे नियम आले. लेसर लावला की पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान. पोळीला हात लावायचा नाही. एकदा हसमुखभाई चहाच्या वेळेला आले, तर सासूबाईंनी त्यांनाही बसवून ठेवलं. "आते नही. सुटनं का मंग."

बिचारे हसमुखभाई घड्याळ बघत बसले. "भाभी, आ लेसर क्यारे छूटे?"

आणि सुटल्यावर आंघोळ! ह्यांनी लेसर बंद केला की सासूबाई बादली घेऊन उभ्या. एका रविवारी हे सारखे "जरा कमी करून बघतो, जरा वाढवून बघतो" करत राहिले, तेव्हा दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि वरच्या मजल्यावरचे भांडायला आले. तेव्हापासून हे आधी कागदावर नीट हिशेब मांडायचे आणि मगच बटणाला हात लावायचे. आमच्याकडे शास्त्रात जी शिस्त आली ती गार पाण्याने!

* * *

माझ्याकडून मात्र एक डायोड शून्य करंटवर गेला.

प्रकाशभाऊजी कापड मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात होते. माझ्या शुक्रवारच्या उद्यापनाला त्यांनी मला एक नायलॉनची साडी आणली. मोरपंखी, सुळसुळीत, चालताना चटचट आवाज करणारी. ती नेसून मी ह्यांचं टेबल पुसलं. डायोड उचलून बाजूला ठेवला, पुसून झाल्यावर जागेवर. संध्याकाळी ह्यांनी लावला तर मेलेला!

सगळी वायरिंग उकलली. बॅटरी बदलली. दोघे भाऊ डोकं धरून बसले. "दादा, करंट दिलाच नव्हता, मग मेला कसा?"

तेवढ्यात मी चहा ठेवायला वाकले, पदर ह्यांच्या हाताला लागला आणि चट्टकन ठिणगी! हे माझ्या साडीकडे बघतच राहिले.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुमच्या अंगात देवी येते ऐकलं नव्हतं, वीज येते हे आज कळलं!"

आता गंमत बघा. इतकी वर्षं हे माझ्या सोवळ्याला हसायचे. पण त्या दिवसापासून ह्यांचंच सोवळं सुरू झालं! टेबलाजवळ फक्त सुती कपडे. मनगटाला तार बांधून तिचं दुसरं टोक नळाला. भाऊजी दुकानातून आले की अंगावर नायलॉनच्या साड्यांची तुसं. त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवून हे म्हणायचे, "शिवू नकोस! आधी पाय धू!"

सासूबाई समाधानाने मला म्हणाल्या, "आते पोऱ्या सुधारना."

* * *

मी चतुर्थीला गणपतीला साकडं घातलं. हे दारात उभं राहून ऐकत होते.

"काय मागितलंस?"

"योग्य करंट सापडू दे म्हटलं."

"किती मिलीअँपिअर, ते विचारलंस?"

"देवाला आकडे विचारतात का कुठे?"

"हेच तर!" हे हताश होऊन खाली बसले. "दुकानदार सांगत नाही, देव सांगत नाही, आणि डायोड मेल्याशिवाय सांगत नाही!"

* * *

एकदा तर अगदी जमलं होतं. कार्तिकातली दुपार, पण सुरतची दुपार म्हणजे कार्तिकातही घाम. ह्यांनी बटण फिरवत फिरवत सुंदर उजेड आणला. तासभर चालला, मेला नाही. मी शिरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हसमुखभाईंना बोलावलं. गारठा होता, ते शाल घेऊन आले. ह्यांनी अभिमानाने बटण दाबलं. लख्खन उजेड पडला, कालच्यापेक्षाही झकास! हसमुखभाई "वाह!" म्हणाले, आणि त्यांचा "वाह" संपायच्या आत डायोड संपला.

ह्यांनी कालचा हिशेबाचा कागद काढला. मग समजावून सांगायला लागले, "त्याचं असं आहे, उष्णतेत हा सुस्त होतो, जास्त करंट मागतो. थंडीत तेवढ्याच करंटला डबल जोरात पेटतो आणि जळतो. मी आकडा दुपारी ठरवला. दुपारसाठी तो बरोबरच होता."

हसमुखभाईंनी शाल सारखी केली. "पाटीलभाई, आमच्या कारखान्यात सकाळ पण होते हो!"

* * *

आणि मग तो जांभळा आला.

हसमुखभाईंचे साडू परदेशातून हिऱ्यांच्या कामाने आले होते. त्यांनी आणलेला एकच डायोड हसमुखभाई कापसात गुंडाळून घेऊन आले. जांभळ्या उजेडाचा. नवाच निघाला होता, सुरतेत दुसरा कुणाकडे नसावा. हसमुखभाई ह्यावेळी चहासुद्धा नको म्हणाले.

"पाटीलभाई, साफ सांगतो. आ छेल्लो, शेवटचा. हा टिकला तर लालही घेतो, जांभळाही घेतो. हा मेला तर मी दुसरा कारीगर बघतो. वाईट नका मानू."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. त्या आठवड्यात ह्यांना रात्रपाळी होती, डोळे लाल. पण थंड वेळ हवी म्हणून ड्युटीवरून आल्या आल्या सकाळीच बसले. खिडकी लावून घेतली. मनगटाला तार. भाऊजी सुती सदऱ्यात. हसमुखभाई खुर्चीच्या अगदी कडेला.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी स्वयंपाकघरात घटाला लावायला हळद कालवत होते, पण कान बाहेर. शेवटी राहवलं नाही, तशीच येऊन ह्यांच्या मागे उभी राहिले.

मीटरवरचा आकडा चढत होता. भिंतीवर आधी काहीच नाही. मग जांभळट धूसर. मग एकाएकी तो पेटला! असा रंग मी कधी पाहिला नव्हता. ह्यांनी बटणावरून बोट उचललं.

"बस?" हसमुखभाई म्हणाले. "एटलुंज? वधारो ने, थोडुं वधारो!"

"दादा, अजून थोडा चालेल," भाऊजी म्हणाले.

ह्यांचं बोट पुन्हा बटणावर. गिऱ्हाईक समोर बसून मागतंय, नाही कसं म्हणणार?

"नको!" मी ओरडले आणि बटण झाकायला हात पुढे केला. तो नेमका उजेडाच्या वाटेत गेला.

उजेड जांभळा. आणि माझा हात, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत, पोपटासारखा हिरवागार! नुसता हिरवा नाही, आतून पेटल्यासारखा!

सासूबाईंनी तर पाटावरूनच हात जोडले. हसमुखभाई खुर्चीतून उठले, टोपी काढली आणि ह्यांचं मनगट धरून बाजूला केलं.

"पाटीलभाई, हात काढा! आटलोज करंट! एवढाच! आता कोणी हात नाय लावायचा!"

नाही लावला. आठवडाभर चालला तो. मग महिनाभर. चैत्रात ह्यांनी हजीऱ्याची नोकरी सोडली आणि पुढच्या खोलीत दिवे करायला बसले. दिवे नीट मोजून मापून हेच करतात, करंटही हेच ठरवतात. पण कतारगामहून जो कोणी न्यायला येतो तो दारातच विचारतो, "करंट भाभीए मूक्यो छे ने? भाभीनेच ठेवलाय ना?"

हे दरवेळी चष्मा काढतात. "अहो, त्यात तसं काही नाही. त्या दिवशी तिच्या हाताला हळद होती, आणि जांभळ्या उजेडात हळद—"

"पाटीलभाई," हसमुखभाई त्यांना तिथेच अडवतात, "तमे चूप रहो!"