मधला तुकडा

मासळीबाजारात तिला सगळे आत्या म्हणत. तीस-पस्तीस वर्षं ती एकाच ओट्यावर बसून मासे विकत होती. मोठ्या माशाचा मधला तुकडा गिऱ्हाइकाला देताना ती म्हणायची, "लोणी आहे लोणी!" तिने स्वतः मात्र तो कधी चाखला नव्हता. घरी जायची ती डोकी, शेपट्या, नाहीतर खारवलेले सुके मासे. विकायचा माल आपणच खाल्ला, तर घर चालायचं कसं?

मग पायांना सूज आली. तपासण्या झाल्या, आणि मूत्रपिंडं थकल्याचं निघालं. पथ्य सांगणाऱ्या पोरसवदा बाई म्हणाल्या, "मावशी, खारे मासे बंद. मीठ अगदी बेताचं. मासा ताजाच हवा, आणि तोही तळहाताएवढा एकच तुकडा."

"कुठला तुकडा?"

"चांगला बघून घ्या."

जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी तिला चांगलं खायचा हुकूम सोडला होता, आणि त्यासाठी आधी मूत्रपिंडं बिघडावी लागली.

सुनेने तुकडा वाफवला, वर लिंबू पिळलं. आत्याने घास घेतला आणि तो तोंडात इकडून तिकडे घोळवला.

"कसा झालाय?" सुनेने विचारलं.

"ओला कापूस चावल्यासारखं वाटतंय गं. लोक एवढ्यासाठी माझ्याशी हुज्जत घालायचे?"

पण दुखणं आपलं, तेव्हा पथ्यही आपणच पाळायला हवं. ती रोज तुकडा बाजूला काढू लागली. जुने गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर, चांगलेच तापले. "आत्या, तो तुकडा माझा असतो!"

"आता डॉक्टरांनी माझ्या नावे केलाय, मास्तर. तुम्ही शेपटीकडचा न्या."

घरीही कुरकुर सुरू झाली. ताटात डोकं बघून मुलाने तोंड वाकडं केलं. "रोज मलाच का?"

"तुझी मूत्रपिंडं धडधाकट आहेत म्हणून," आत्या म्हणाली. सून तोंडाला पदर लावून हसली. खाऱ्या माशांचा वास घरातून गेल्यापासून तिला पथ्याचा फारच पुळका आला होता.

हळूहळू आत्याची जीभ वळणावर आली. मिठाविना माशाला स्वतःची अशी गोडी असते, आणि मासा कालचा असेल तर पहिल्याच घासाला चोरी पकडली जाते, हे तिला कळलं. मग मासे आणणाऱ्याशी ती अशी भांडू लागली, की तो शिळा माल तिच्या ओट्यापासून लांबच ठेवायचा.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "छान. आकडे होते तिथेच आहेत."

"म्हणजे बरी झाले?"

"बरं होणारं दुखणं नाही हे, आत्या. वाढलं नाही, हेच खूप. असंच चालू ठेवा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या मनात आलं, एवढा जिभेचा छळ सोसून जागच्या जागीच? मग तिने पदर खोचला आणि तडक बाजार गाठला. शेजारणीने तब्येतीचं विचारलं, तेव्हा ओट्यावर पाणी मारत आत्या म्हणाली, "डॉक्टर नुसते बघतच राहिले!"