ठिबकच्या नळीचा तुकडा

निरवांगीच्या आशा सेविका करुणा मिसाळ यांच्या पिशवीत गेली अनेक वर्षं ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा असायचा. दोन ड्रिपरच्या मधला, म्हणजे छिद्र नसलेला. बायकांना कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन समजावायला तो पुरे. उसाच्या रानात नळीचं शेवटचं टोक दुमडून त्यावर प्लास्टिकची रिंग चढवतात, मग पाणी पुढं जात नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही बीजनळीचा वेढा ओढून त्यावर रिंग बसवतात. करुणाबाई टोक दुमडायच्या, रिंग चढवायच्या आणि समोरच्या बाईला फुंकायला सांगायच्या. गाल फुगायचे, हवा जायची नाही. बाई हसायची आणि तयार व्हायची.

दुसऱ्या मुलीनंतर त्यांनी स्वतः हेच ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यामुळं गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुढं नवरा आजारात गेला. चौतिसाव्या वर्षी त्यांनी कळंबच्या संघपालशी लग्न केलं. त्याचं हे पहिलंच लग्न. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत तो दुधाचे नमुने तपासतो. मूल हवं, असं त्यानं तोंडानं कधी म्हटलं नाही. करुणाबाईंनी मात्र लग्न ठरतानाच त्याला सांगून टाकलं होतं, "रिंग काढली की झालं."

हा भरवसा कुठून आला, ते त्या स्वतःच सांगतात. "रानात अधनंमधनं रिंग काढून पाणी सोडत्यात. गाळ निघतो, नळी चालू. मला वाटलं, माझंबी तसंच. गावाला शिकवायला गेले आन् स्वतःच बिघडले."

संघपालला घेऊन त्या बारामतीला गेल्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर त्यांनी पिशवीतून तो तुकडाच काढला आणि रिंग काढून दाखवली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"ही नळी प्लास्टिकची आहे," त्या म्हणाल्या. "शरीरातली नळी रिंगेत आवळली की तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही, तो वाळून जातो. तिथं आता नळीच नाही. रिंग काढून काय उपयोग?"

करुणाबाईंनी तुकडा पिशवीत ठेवला.

"ऑपरेशन कायमचं असतं, हे तुम्ही बायकांना सांगत नव्हता?"

"सांगत हुते की. सगळ्यांना पटलं. एकटी मीच राहिले हुते."

संघपाल हसला नाही. डॉक्टर हसल्या आणि मग मार्ग सांगू लागल्या. एक, ऑपरेशन करून दोन्ही बाजूंची शिल्लक नळी पुन्हा जोडायची. रिंगेत थोडाच भाग जातो, वयही फार नाही, त्यामुळं आशा आहे, खात्री नाही. शिवाय गर्भ नळीतच अडकण्याचा धोका, म्हणून पाळी चुकली की लगेच यायचं. दुसरा, टेस्ट ट्यूब. त्याला नळ्या लागत नाहीत, पण इंजेक्शनं, फेऱ्या आणि खर्च, आणि तिथंही खात्री नाही. दोन्ही नको असतील तर दत्तक. "पण त्याआधी यांची तपासणी. यांच्यात अडचण असेल तर तुमचं पोट उगाच उघडायला नको."

संघपाल कानापर्यंत लाल झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "रोज लोकांचं सँपल नापास करतोय मी. आता माझं."

"पाणी घालू नका म्हंजे झालं," करुणाबाई म्हणाल्या.

सँपल पास झालं. पुन्हा पुन्हा सुया टोचून घेण्यापेक्षा एकदाच टाके, असं करुणाबाईंनी ठरवलं. जोडणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, उजवी बरी जुळली, डावीचं सांगता येत नाही. त्यानंतर दर महिन्याला पाळी वेळेवर येत राहिली. "शब्द देऊन बसले हुते, आन् अंग ऐकंना," त्या म्हणतात. संघपाल काही विचारायचा नाही, आणि तेच त्यांना जड जायचं. वर्ष होत आलं तेव्हा पाळी चुकली. त्या गाडीवर मागं बसून थेट बारामतीला गेल्या. गर्भ नळीत नव्हता, गर्भपिशवीतच होता.

गेल्या महिन्यात अंगणवाडीत बायकांची बैठक झाली. सहाव्या महिन्याचं पोट घेऊन करुणाबाई समोर उभ्या राहिल्या. "हे ऑपरेशन कायमचं असतं," त्यांनी सुरुवात केली.

"दिसतंय की," प्रयागबाई म्हणाली. तिला ऑपरेशनला करुणाबाईंनीच नेलं होतं.

बायकांचं हसणं थांबेपर्यंत करुणाबाई थांबल्या. मग त्यांनी तुकडा काढला, मधोमध दुमडला, आणि या वेळी रिंग न चढवता दुमड कात्रीनं कापून टाकली. उरलेले दोन तुकडे प्रयागबाईच्या हातात दिले. "आता जोडून फुंका."

प्रयागबाईनं टोकाला टोक लावलं, वरून मूठ आवळली आणि जोर लावून फुंकलं. बरीचशी हवा बोटांमधून सुटली.

"जराशी जातीया पल्याड," ती म्हणाली.

"तेवढ्यावरच हाय माझं," करुणाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.